पांढरे ठिपके, काळे ठिपके

ऑफिसने पाठवलेला मॉनिटर आला तेव्हा मी ओट्यावर उभी राहून फोनवर बोलत होते. कुरिअरवाल्याने खोका असा काही टेकवला की बोलणं अर्धवट टाकून मी धावले. सत्तावीस इंची, फोर-के. खोक्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. आईने ते बघून विचारलं, "हा टीव्ही आहे की काय? एक आहे ना घरात." मी म्हटलं, कामाचा आहे. ती म्हणाली, "मग ठेव तुझ्या खोलीत, मधल्या घरात पसारा नको."

माझं काम नकाशांचं. उपग्रहाने काढलेल्या फोटोंवर शेतांच्या हद्दी, विहिरी, शेततळी, पायवाटा यांच्या खुणा करायच्या. अशा फोटोत विहीर म्हणजे एक गडद ठिपका, आणि बाभळीची सावली म्हणजेही गडद ठिपका. लॅपटॉपच्या एवढ्याशा स्क्रीनवर दोन्हीतला फरक ओळखता ओळखता मान आखडून जायची. तपासणीत माझ्या चुका निघायला लागल्या होत्या. पुण्यातली भाड्याची खोली सोडून मी बुऱ्हाणपूरला आईवडिलांकडे राहायला आले होते. घरून काम करायची मुभा मिळाली होती खरी, पण काम बिघडलं की पहिला सवाल हाच येणार, की आता परत या. त्यामुळे तो मॉनिटर मी जवळजवळ भांडून मागवून घेतला होता.

जोडला आणि पहिल्याच दिवशी ठिपके दिसले.

केळीच्या बागांचा काळपट हिरवा भाग समोर असला की त्यावर बारीक पांढरे ठिपके चमकून जायचे. कुणी चिमूटभर मीठ उधळावं तसे, आणि लगेच नाहीसे. कधी तास-तास काही नाही, कधी एकसारखे. मध्येच पूर्ण स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि परत यायची. त्या ठिपक्यांना विहिरी समजण्याचा प्रश्न नव्हता, पण नजर त्यांच्याच मागे पळायची. एका गावाच्या शिवारातल्या सगळ्या विहिरींवर मी खुणा केल्या असं मला वाटलं, आणि आमच्या टीम लीडर बाईंनी ते काम परत पाठवलं. निम्म्या राहिल्या होत्या.

फोन करून त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आधी केबल बघ. फोर-केला साधी केबल पुरत नाही. मग रिझोल्यूशन कमी करून बघ. मग अर्थिंग. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर काय झालं ते कळणार नाही."

खोक्यातून आलेली केबल आखूड होती. माझं टेबल भिंतीला, मॉनिटर एका टोकाला, लॅपटॉप दुसऱ्या टोकाला, म्हणून मी शनवारा दरवाज्याजवळच्या एका दुकानातून लांब केबल आणली होती. दुकानदाराने "मॅडम, इससे अच्छी आती ही नहीं" असं सांगून दिली होती. आता ती काढून आखूड लावायची म्हणजे लॅपटॉप मॉनिटरच्या बुडाशी आणून ठेवायचा, आणि मान वाकडी करून टाइप करायचं. पण करून बघणं भाग होतं.

अडचण अशी की ठिपके लहर आली की येत. मी टेबलामागे शिरून केबल हलवणार, बटणं दाबणार, पंखा बंद करणार, तर त्या वेळी पुढे बसून स्क्रीनकडे टक लावून पाहणारं माणूस हवं होतं. ते काम आप्पांनी आपणहून घेतलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे रावेरकडचे. तरुणपणी इकडे मध्य प्रदेशात एका कागद कारखान्यात नोकरीला लागले आणि इकडचेच झाले. कारखान्यात त्यांचं काम कागद तपासायचं. सुटे ताव उजेडासमोर धरून त्यातले डाग, भोकं, सुरकुत्या शोधायच्या आणि खराब ताव बाजूला काढायचे. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. लहानपणी शाळेतून आले की माझ्या केसातली ऊ त्यांना दाराशीच दिसायची. आईच्या कानातल्याची फिरकी एकदा तापीच्या राजघाटावरच्या वाळूत पडली, तीसुद्धा त्यांनीच शोधून दिली होती. घरात कुणाला सुईत दोरा ओवायचा असला की आप्पांना हाक मारायची, ही पद्धतच होती.

निवृत्त झाल्यापासून त्यांना बसवत नसे. सकाळी बाजार, मग बँक, मग कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाची चौकशी, मग परत बाजार. आई म्हणायची, "पायाला भोवरा आहे का तुमच्या?" तर त्या माणसाला खुर्चीत बसून करायचं काम मिळालं आणि तेही ठिपके शोधायचं. ते चष्मा पुसून तयार होऊन आले.

मी आखूड केबल लावली. टेबलामागूनच विचारलं, "आता?"

खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज. मग, "आहेत."

"नक्की?"

"कमी झालेत, पण आहेत ना. तो बघ गेला एक."

मी पुढे आले, त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. मला काही दिसलं नाही. "कुठे, आप्पा?"

"वरती होता, डाव्या अंगाला. आता खाली उतरला. काळा आहे."

"काळा? माझे पांढरे आहेत."

"पांढरे होते ते गेले. काळे राहिले. चिलटासारखे."

मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. मला दिसला नाही म्हणजे माझे डोळे थकले, असंच मी धरून चालले. आप्पांना दिसतो आणि मला नाही, यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतंच. मी मनाशी ठरवलं की केबलचा दोष नाही, आणि मान वाकडी करायचा वैताग नको म्हणून लांब केबल परत लावून टाकली.

अर्थात थोड्या वेळाने पांढरे ठिपकेही परत आले. आता पांढरे आणि काळे दोन्ही आहेत, असं मी टीम लीडर बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "काळे? हे काही ऐकलं नाही बाई मी."

पुढचे काही दिवस मी कामापेक्षा त्या मॉनिटरच्याच मागे होते. रिझोल्यूशन उतरवलं. अक्षरं फुगली, शेतांच्या कडा पुसट झाल्या. आप्पांना विचारलं, ते म्हणाले, "आहेत." रंगांची सेटिंग बदलली. "आहेत." पंखा बंद, फ्रिज बंद, पाण्याची मोटर बंद. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मिक्सरमध्ये चटणी अर्धी राहिली माझी, लाइट का बंद करून राहिली तू?" मी म्हटलं दोन मिनिटं थांब. आप्पा खुर्चीतून म्हणाले, "आहेत अजून."

मला धड एका जागी बसवेना. टाइप करायला घेतलं की डोळा ठिपका शोधायचा, ठिपका दिसला की उठून केबल दाबायची, केबल दाबून झाली की फोनवर लोकांनी लिहिलेले उपाय वाचायचे. कुणी म्हणे खुर्चीमुळे होतं, गॅसची खुर्ची असली की उठताबसताना वीज तयार होते. मी खुर्ची बाहेर ठेवून स्टुलावर बसले. कुणी म्हणे शेजारच्या मोठ्या यंत्रांमुळे होतं.

आमच्या भिंतीला लागून पॉवरलूम आहेत. दिवसभर खटखट चालू असते. इथे राहणाऱ्याला ती ऐकू येत नाही, थांबली तर कळते. त्या घरातल्या चाचींशी आईचा जुना घरोबा. मी जाऊन अवघडत विचारलं, पाच मिनिटं लूम थांबवता येतील का. चाची हसल्या. म्हणाल्या, "बेटी, शादी में नहीं रुकते ये, तुम्हारे टीवी के लिए रुकेंगे?" पण आत जाऊन मुलाला सांगितलंच. एकेक करत सगळे लूम थांबले. गल्लीत अशी शांतता पसरली की समोरचे एक म्हातारे गृहस्थ काय झालं म्हणून दारात आले. मी पळत घरात आले.

आप्पा स्क्रीनपुढे ताठ बसले होते. "आहेत," ते म्हणाले. मग चष्मा सारखा करत, "आणि कडेला चमकतंय. वीज चमकल्यासारखं. हे आधी नव्हतं."

"कुठल्या कडेला?"

"डाव्या कडेला. फार बारीक. एकदम."

मी डाव्या कडेला नाक लावून उभी राहिले. काही नाही. पलीकडे लूम पुन्हा सुरू झाले.

मग अर्थिंग. लॅपटॉपच्या कडेला मनगट टेकलं की झिणझिण्या यायच्या, तेव्हा घराला अर्थिंग धड नाही हे दिसतच होतं. वायरमन आला, त्याने बोर्ड उघडून पाहिला आणि अंगणात खड्डा करावा लागेल म्हणून सांगितलं. खड्ड्यात कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी. आईने विरोध केला, कारण खड्डा नेमका तिच्या कढीपत्त्याच्या बाजूला. "मीठ घालणार म्हणे मुळाशी. झाड मेलं तर?" आप्पा मध्ये पडले आणि झाडापासून दूर, नळाच्या पलीकडे खड्डा घ्यायला लावला. माती काढलेली पाहायला म्हणून ते पुढे झाले आणि डाव्या बाजूला ठेवलेल्या बादलीला त्यांचा पाय लागला. पाणी सगळं त्यांच्या धोतरावर. आई म्हणाली, "समोर ठेवलेली बादली दिसत नाही आणि त्या टीव्हीतले किडे बरे दिसतात." तेही हसले, मीही हसले.

अर्थिंगने झिणझिण्या गेल्या. माझे पांढरे ठिपके थोडे कमी झाल्यासारखे वाटले. आप्पांचे काही कमी झाले नाहीत.

मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीच्या मदतवाल्यांना लिहिलं. तिथून उत्तर आलं की मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवा. मी काढला. त्यात पांढरे ठिपके छान दिसत होते. काळा एकही नव्हता, आणि कडेला चमकही नव्हती. मी आप्पांना दाखवला. ते मोबाइल डोळ्यांपासून लांब-जवळ करत म्हणाले, "यात नाही आले ते. हलका कॅमेरा आहे तुझा."

मला तेही पटलं. आज ऐकताना कुणालाही वाटेल की इतकं कसं कळलं नाही. पण मी त्या वेळी एका वस्तूतला बिघाड शोधत होते आणि आप्पा माझ्यासाठी ती वस्तू बघत होते. बघणाऱ्याकडे बघायचं असतं हे सुचायला कुठेतरी थांबावं लागतं, आणि थांबायला मला फुरसत नव्हती. दुसऱ्या गावाचं कामही परत आलं होतं.

त्या दुपारी ऊन भयंकर होतं. खोलीचे पडदे ओढून घेतले होते. मी आखूड केबल परत एकदा लावली, कारण दुसरं काही उरलंच नव्हतं. आप्पा पुढे बसले. मला स्क्रीन स्वच्छ दिसत होती. मी पुन्हा पुन्हा बघितली, गडद भाग समोर आणून बघितली. एक ठिपका नाही.

"आप्पा, आता नाहीत."

"आहेत गं."

"मला नाही दिसत."

"तुला नाही दिसत त्याला मी काय करू? आहेत म्हणून सांगतोय ना."

"इतके दिवस तुम्ही आहेत, आहेत एवढंच म्हणून राहिले," माझा आवाज चढला. "काहीही केलं तरी आहेतच. मग मी करू तरी काय? फेकून देऊ याला?"

ते स्क्रीनकडेच बघत राहिले. आई दारात येऊन उभी राहिली आणि आमच्याकडे बघून परत गेली.

तेवढ्यात लाइट गेली. मॉनिटर टप्पकन काळा झाला, इन्व्हर्टरवरचा पंखा तेवढा फिरत राहिला. मी वैतागून स्टुलावरून उठले. आप्पा हलले नाहीत. त्या बंद, काळ्या काचेकडे बघतच होते.

"आता तर मोठा झालाय," ते म्हणाले.

"काय मोठा झालाय?"

"तोच. काळा. आणि ते कडेचं चमकणं."

"आप्पा, लाइट गेली. मॉनिटर बंद आहे."

ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. कारखान्यात एखादा खराब ताव आपल्या हातून सुटून पुढे गेला हे कळल्यावर माणूस कसा होत असेल, तसं काहीतरी.

"मग हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी पडदा सरकवला. त्यांना हाताला धरून अंगणात आणलं आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं. म्हटलं, भिंतीकडे बघा. ते म्हणाले, आहेत. म्हटलं, डावा डोळा झाका. त्यांनी झाकला. "आता नाहीत. स्वच्छ." उजवा झाका. त्यांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि मान वर-खाली करून भिंत पाहिली.

"आप्पा?"

"भिंत खाली दिसत नाही," ते म्हणाले. "वरची दिसते. खाली, डाव्या कोपऱ्यात, काळं आहे. पडदा अर्धा ओढल्यासारखं."

"कधीपासून?"

"काळं हे कालपरवापासून. मला वाटलं एकसारखं त्या मशीनकडे पाहून पाहून डोळ्यात उतरलं असेल. काम झालं की जाईल आपोआप."

आईने हातातलं सूप तिथेच ठेवलं. ती निंबोला गावची, शेतकऱ्याच्या घरातली, कुणाचं दुखलंखुपलं की आधी लिंबाचा पाला नाहीतर हळद आठवणारी. पण त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "रिक्षा बोलाव."

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंकडे गर्दी होती. मी खिडकीतल्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, नंबर से आएगा. मला बाकावर टेकवेना. मी दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. आई मध्ये बसून आप्पांचा हात धरून होती. त्यांनी इतक्या लोकांत तो सोडवून घेतला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. शेवटी मी सरळ आत घुसले आणि म्हटलं, "मॅडम, इनको एक आँख में परदा दिख रहा है." डॉक्टर बाईंनी समोरच्या पेशंटला थांबवलं आणि म्हणाल्या, "अभी लाओ."

डोळ्यात औषध घालून, बाहुली मोठी करून त्यांनी कपाळाला लावलेल्या दिव्याने बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "बाबूजी, ये कब से दिख रहा है?"

"जब से इसका नया टीवी आया है," आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टर बाई गोंधळल्या. मी कसंबसं समजावलं. त्यांना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या की डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो तो वरून फाटला आहे आणि सुटत चालला आहे, ओल आली की भिंतीवरून कागद सुटतो तसा. अजून मधल्या भागापर्यंत पोचलेला नाही. पोचला तर गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही. इथे ते ऑपरेशन होत नाही. उद्या सकाळी इंदूरला पोचा, मी फोन करून ठेवते. तोपर्यंत धक्के नकोत, धावपळ नको, वाकणं नको.

"कागज का हमको मत बताओ," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "वो चिपकता है वापस?"

"चिपकाते हैं," डॉक्टर बाई म्हणाल्या.

चाचींनी त्यांच्या जावयाची गाडी मिळवून दिली. उजाडताच निघालो. असीरगडचा चढ लागला आणि प्रत्येक वळणाला, प्रत्येक खड्ड्याला माझा हात आपोआप आप्पांच्या डोक्यामागे जायचा. ड्रायव्हरला मी इतक्यांदा "धीरे" म्हटलं की त्याने शेवटी आरसा फिरवून घेतला. एरवी आप्पा प्रवासात गप्प बसणारे नव्हेत. कुठल्या शेतात केळी चांगली, कुठे कापसावर रोग, हे सांगत राहतात. त्या दिवशी ते डोळे मिटून होते. मोरटक्क्याला नर्मदेच्या पुलावर आई गाडीतूनच हात जोडत म्हणाली, "अहो, नर्मदा आली." त्यांनी डोळे उघडले, डावा तळव्याने झाकला, उजव्याने नदी पाहून घेतली आणि पुन्हा मिटले.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. आतला द्रव काढून, लेझर मारून, डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. तो बुडबुडा पडद्याला जागेवर दाबून धरणार, तोपर्यंत पालथं झोपायचं आणि जेवतानाही मान खाली ठेवायची. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. ज्या माणसाला एका ठिकाणी चहा संपवणं जमत नाही, त्याला पालथं पाडून ठेवायचं होतं.

इस्पितळाजवळ एक खोली घेऊन आम्ही राहिलो. आप्पा गादीवर पालथे, कपाळाखाली गुंडाळलेला टॉवेल. मी भिंतीला टेकून मांडीवर लॅपटॉप घेऊन, त्याच छोट्या स्क्रीनवर विहिरी शोधत. टीम लीडर बाईंना सगळं सांगितलं होतं, त्यांनी मुदत वाढवून दिली होती. दर थोड्या वेळाने गादीवरून आवाज यायचा.

"किती वाजले?"

"मघाशीच विचारलंत."

"मघापासून काहीच वाजलं नाही का?"

कधी ते चिडायचे. म्हणायचे, गुरं बांधून ठेवतात तीसुद्धा मान हलवतात. एकदा आई भाजी आणायला खाली गेली असताना ते उठून बसलेच. मी ओरडले. ते म्हणाले, "पाठ मोडली गं माझी. दोन मिनिटं." आणि मान खाली घालून बसून राहिले. मी लॅपटॉप बाजूला ठेवून त्यांची पाठ चोळायला लागले. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या पाठीला कधी हात लावला नव्हता. मणके हाताला लागत होते.

"मला आधीच कळायला पाहिजे होतं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "डाग कागदात आहे की काचेत, हे आधी बघायचं असतं. ताव फिरवायचा. ताव फिरवला आणि डाग जागीच राहिला, तर तो कागदाचा नाही. हे मी नव्या पोरांना शिकवायचो."

"मला पण कळायला पाहिजे होतं."

"तुला कुठून? तू कागदाचं काम केलंय का कधी?" असं म्हणून ते पुन्हा पालथे झाले.

घरी परतल्यावर पहिल्याच दिवशी मी आखूड केबल लावली, लॅपटॉप उंच स्टँडवर मॉनिटरला खेटून ठेवला, आणि लांब केबल अडगळीत टाकली. त्यानंतर एकही ठिपका आला नाही. दोष पहिल्यापासून त्या केबलचाच होता. इतक्या दूरवर तेवढा भार वाहून नेणं तिला झेपत नव्हतं. टीम लीडर बाईंनी पहिल्या वाक्यात सांगितलेलं उत्तर ते. मान अजून थोडी वाकडी करावी लागते, पण सवय झाली आहे.

आप्पांचा पडदा चिकटला. डोळ्यातला बुडबुडा दिवसेंदिवस लहान होत गेला. त्यांना तो पाण्याच्या पातळीसारखा हलताना दिसायचा आणि ते रोज त्याची खबर द्यायचे. शेवटी तो वाटाण्याएवढा राहिला आणि एका सकाळी नव्हता. त्या डोळ्याने आता त्यांना दाराची चौकट मध्ये किंचित वाकलेली दिसते. बारीक अक्षर दिसत नाही. उजव्याने पेपर वाचतात. सुईत दोरा मी ओवते.

पण मी काही निवांत झाले नाही. ज्या सवयीने मॉनिटरकडे बघायचे, त्या सवयीने आता आप्पांकडे बघते. सकाळी चहा देताना विचारते, "चमकलं का काही?" दुपारी विचारते, "उजवा झाकून बघितलं का आज?" ते चालताना डावीकडे जरा जरी झोक गेला तरी मी उठून उभी राहते. आईही कमी नाही. तिने घरातल्या सगळ्या बादल्या उजव्या हाताला ठेवायला सुरुवात केली.

मध्यंतरी एके दिवशी ते बाजारात जाऊन येतो म्हणून निघाले. पहिल्यांदाच एकटे. मी म्हटलं, सोबत येते. ते म्हणाले, तुझं काम कर. मी कामाला बसले. जेवायची वेळ टळून गेली तरी ते आले नाहीत. फोन घरीच, कपाटावर वाजत होता. आई ओट्यावर, मी गल्लीच्या तोंडाशी. शेवटी मी रिक्षा केली. बाजार पाहिला, बँक पाहिली, त्यांच्या ओळखीचा न्हावी पाहिला. तो म्हणाला, नदीकडे जाताना दिसले होते.

राजघाटाच्या पायऱ्यांवर ते सावलीत बसले होते. चपला बाजूला काढून ठेवलेल्या. समोर तापीचं पाणी आटून खडक उघडे पडलेले, आणि पलीकडच्या काठाला कुणी म्हशी धूत होतं. मी धापा टाकत पोचले तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

"आप्पा! इथे काय करून राहिले तुम्ही? आम्ही सगळीकडे शोधतोय."

"बसलोय," ते म्हणाले.

"एवढा वेळ?"

"बरं वाटलं. इथे कुणी विचारत नाही, काय दिसतं म्हणून."

मी खालच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी सरकून मला सावलीत जागा दिली.